बाळंतपणानंतर सोळाव्या दिवशी पुन्हा लाल रक्त: 'खराब रक्त जाऊ दे' हे खरं का?

तुम्ही लिहिलंय, नॉर्मल डिलिव्हरीला सोळा दिवस झाले, अंगावरून जाणं तपकिरी झालं होतं, आणि कालपासून पुन्हा लाल. सासूबाई म्हणतात, जितकं जाईल तितकं चांगलं. मी नागपुरातच प्रसूती वॉर्डात बरीच वर्षं सिस्टर होते, हे वाक्य मला पाठ आहे.

खराब रक्त असं काही नसतं हो. वार (प्लॅसेंटा) सुटली की गर्भाशयात तिच्या जागी उघडी जखम राहते, आणि रक्त जातं ते त्या जखमेतून. चांगलंच रक्त. पहिले तीन-चार दिवस लाल, मग दहाव्या दिवसाच्या आसपासपर्यंत गुलाबी-तपकिरी, पुढे पिवळसर पांढरं, असं चार ते सहा आठवडे चालतं. मधेच दुसऱ्या आठवड्यात जखमेवरची खपली निघते तेव्हा तास-दोन तास लाल जाऊ शकतं. झोपून उठल्यावर साचलेलं एकदम येतं. बाळाला पाजताना गर्भाशय आवळतं, कळ येते, थोडं जास्त जातं. त्याला घाबरू नका. पाण्याची बादली उचलली तरी वाढतं.

पण तुमचं कालपासून चालू आहे. म्हणून आजच डॉक्टरांना दाखवा, पुढच्या तारखेची वाट पाहू नका. वारेचा बारीक तुकडा आत राहिला असेल किंवा इन्फेक्शन असेल तर असंच होतं, तपासणी आणि सोनोग्राफीत बहुधा कळतं. 'आता दोन आठवडे झाले, काय व्हायचं' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. हा धोका १२ आठवड्यांपर्यंत असतो.

तोवर घड्याळ बघा. जुन्या लुगड्याच्या घड्या वापरत असाल तर किती गेलं ते कळत नाही, सध्या पॅडच लावा. तासाभरात पूर्ण पॅड भिजला, लिंबाएवढ्या गाठी पडल्या, उभं राहताच चक्कर आली, छाती धडधडली, तर अपॉइंटमेंट वगैरे विसरा, १०८ ला फोन लावा. घाण वास येत असेल, ओटीपोट दुखत असेल किंवा ताप १००.४ च्या वर गेला, तरीही त्याच दिवशी दवाखाना. डिलिव्हरी झाली तिथे रात्री कोणी नसेल तर नागपुरातले डागा, मेयो, मेडिकल हे सरकारी दवाखाने आहेत. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीला औषधं, तपासण्या, लागलं तर रक्तही मोफत मिळतं.

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर खुशाल खा, त्यावरून सासूबाईंशी भांडू नका. पोटावरची मालीश मात्र तपासणी होईस्तोवर बंद. पाणी कमी प्यायला सांगतात तेही ऐकू नका, आपल्याकडच्या उन्हात तर अजिबात नाही. लघवी तुंबवू नका, भरलेल्या मूत्राशयामुळे गर्भाशय नीट आवळत नाही. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात, चहासोबत नाही.

जाताना डिस्चार्ज कार्ड घ्या आणि बाळाला सोबत ठेवा. सासूबाईंनाही न्या. सुनेचं ऐकणार नाहीत, डॉक्टरांचं ऐकतील.