नोकरी सांभाळून जुने आयपॉड, वॉकमन दुरुस्त करून देण्याची सेवा एकट्याने चालवता येईल का? सुरुवात कशी करावी?

तुम्हाला सोल्डरिंग येतं, स्वतःचे एक-दोन प्लेअर उघडून बरे केलेत आणि आता संध्याकाळच्या वेळात लोकांची कामं घ्यायची आहेत, असं तुम्ही लिहिलंय. मी हेच काम करतो, म्हणून सांगतो: चालतं, आणि समाधानही देतं. पण ‘सर्व प्रकारचे प्लेअर दुरुस्त करून मिळतील’ अशी पाटी लावू नका. सुरुवातीला दोन, फार तर तीन मॉडेलं निवडा आणि त्यांत इतके मुरा की समोरचा माणूस तक्रार सांगत असतानाच बिघाड कुठे असेल याचा अंदाज यायला हवा.

कारण साधं आहे. या यंत्रांचे नवे सुटे भाग कंपन्या आता बनवत नाहीत. आयपॉड क्लासिकची विक्री २०१४ मध्ये थांबली, २०२२ मध्ये शेवटचा आयपॉड टचही बंद झाला. कॅसेट वॉकमनची गोष्ट तर त्याहून जुनी, पहिला आला १९७९ मध्ये. म्हणजे तुमचे सुटे भाग येणार ते बंद पडलेल्या यंत्रांतून. एकाच मॉडेलची बंद यंत्रं जमवलीत की एकाचा स्क्रीन, दुसऱ्याचं हेडफोन जॅक, तिसऱ्याचा बोर्ड असं जुळवता येतं. दहा कंपन्यांचं एकेक यंत्र जमवलंत तर ती नुसती अडगळ होते. शिवाय किती वेळ लागेल हे आधी सांगता आलं नाही तर दर ठरवता येत नाही, आणि ते फक्त सरावाच्या मॉडेलबद्दलच सांगता येतं.

मला विचाराल तर पहिलं मॉडेल म्हणून २००५-०६ चा व्हिडिओ आयपॉड घ्या. तो उघडायला त्यातल्या त्यात सोपा आहे, आणि त्याच्या आवाजासाठी आजही लोक तो शोधतात. धातूच्या दोन्ही बाजू असलेला क्लासिक मात्र हट्टी असतो. त्याच्या क्लिपा घट्ट असतात, घाई केली की पाठीची कड वाकते आणि ती पुन्हा सरळ होत नाही. दोन्हींत एक सापळा आहे. हेडफोन जॅक आणि होल्डचं बटण पाठीच्या झाकणावर असतं आणि एका पातळ पट्टीने बोर्डाला जोडलेलं असतं, बॅटरीचीही तशीच पट्टी असते. झाकण सुटताच पुस्तकासारखं उघडू नका. थोडं फाकवा, आधी बॅटरीच्या कनेक्टरची कडी उचलून पट्टी सोडवा, मगच पुढे जा. झाकण उचकटायला प्लॅस्टिकचं चपटं अवजार वापरा, स्क्रूड्रायव्हर नको.

पण उघडण्याआधी तपासा. मेन्यू आणि मधलं बटण एकत्र दाबून रीसेट करा, लोगो दिसला की लगेच मधलं आणि मागे जायचं बटण धरा, म्हणजे तपासणीचा मेन्यू येतो. त्यात हार्ड डिस्कची माहिती असते. बदललेले आणि प्रलंबित सेक्टर, म्हणजे डिस्कचे खराब झालेले आणि खराब असल्याचा संशय असलेले तुकडे, किती ते बघा. आकडे वाढलेले असतील तर गाणं मध्येच अडकतंय, यंत्र आपोआप रीसेट होतंय, संगणकावरून गाणी भरणं (सिंक) अर्धवट राहतंय या सगळ्या तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं. लोक ‘बॅटरी गेली’ म्हणून आणतात, आणि असते मरणपंथाला लागलेली डिस्क, जी पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करून बॅटरी खात असते. अशा वेळी नुसती बॅटरी बदलून दिलीत तर ते यंत्र महिन्याभरात तुमच्याकडे परत येणार.

डिस्क गेली असेल तर तिच्या जागी अडॅप्टरवर एसडी कार्ड बसवायचं, हे या कामातलं सर्वांत मागणीचं काम. वजन कमी होतं, धक्क्याची भीती जाते, बॅटरी जास्त टिकते. पण मॉडेलची मर्यादा आधी सांगा. २००८ च्या १२० जीबी क्लासिकचा बोर्ड १२८ जीबीच्या पुढचं कार्ड पूर्ण ओळखत नाही, २००९ च्या १६० जीबीला ती अडचण येत नाही. व्हिडिओ आयपॉडच्या ३० जीबीमध्ये ३२ एमबी रॅम आहे, ६० आणि ८० जीबीमध्ये ६४. प्रचंड संग्रह असलेल्या माणसाला ३० जीबीच्या बोर्डावर मोठं कार्ड बसवून दिलंत, तर कार्डात जागा असूनही गाण्यांची यादी पेलता पेलता यंत्र अडखळतं. ज्यांना फ्लॅक, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवता साठवलेल्या, फाइली ऐकायच्या आहेत त्यांना मूळ सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही. त्यांच्यासाठी रॉकबॉक्स हे मूळ सॉफ्टवेअरऐवजी वापरायचं पर्यायी सॉफ्टवेअर शिकून घ्या, ते मोफत आणि मुक्त आहे. आयपॉड मिनी त्याहून सोपा. त्यातल्या इंचभर डिस्कच्या जागी कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड थेट बसतं.

जुन्या डिस्कला हात लावण्याआधी एक प्रश्न विचारायचाच: आत जे आहे ते हवंय का? लोक ‘नको, गाणी पुन्हा भरू’ म्हणतात आणि मग आठवतं की त्यात घरातल्या कुणाचं रेकॉर्डिंग आहे. डिस्क अजून फिरत असेल तर आधी तिची पूर्ण प्रत घ्या, मग दुरुस्ती. गाणी एका लपवलेल्या फोल्डरमध्ये चार अक्षरांच्या नावांनी असतात, पण गाण्याचं खरं नाव फाइलच्या आत शाबूत असतं, त्यामुळे ती पुन्हा लावता येतात. यंत्र परत दिल्यावर ती प्रत किती दिवस ठेवणार आणि कधी पुसणार हे लिहून द्या. आणि उगाच उघडून बघू नका. लोक विश्वासाने देतात.

बॅटरीबद्दल कडक राहा. फुगलेल्या लिथियम बॅटरीला धातूच्या अवजाराने उचकटायचं नाही, टोचायचं नाही, चार्ज करून बघायचं नाही. ती काढून वाळूच्या डब्यात ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या, घरच्या कचऱ्यात नको. कुणी कुरियरने यंत्र पाठवणार असेल तर झाकण फुगलंय का याचे फोटो आधी मागवा. खराब झालेली लिथियम बॅटरी विमानाने पाठवायला बंदी आहे. नव्या बॅटरीवर छापलेल्या क्षमतेवर विश्वास ठेवू नका. मी प्रत्येक बॅटरी पूर्ण चार्ज करून मध्यम आवाजात यंत्र बंद पडेपर्यंत वाजवतो आणि तो वेळ पावतीवर लिहून देतो. आयपॉड नॅनोच्या बॅटऱ्या बहुतेक सोल्डर केलेल्या असतात, तिथे तुमचे सोल्डरचे डाग, म्हणजे जोड, स्वच्छ हवेत. पहिल्या पिढीचा नॅनो आला तर आणखी जपा, त्याच्या बॅटऱ्या तापतात म्हणून २०११ मध्ये ॲपलने स्वतःच ते परत मागवले होते.

दुसरं मॉडेल वॉकमनचं घ्यायचं असेल तर तिथे बेल्ट, म्हणजे मोटरची गती चाकांपर्यंत नेणारा रबरी पट्टा, हा मुख्य आजार. रबर एकतर ताणलेलं असतं किंवा डांबरासारखं वितळून पुलीला चिकटलेलं. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने कण न् कण काढल्याशिवाय नवा बेल्ट नीट बसत नाही. मग हेड (टेप वाचणारा भाग), कॅपस्टन (टेप ओढणारा बारीक दांडा), पिंच रोलर (टेप त्या दांड्यावर दाबणारं रबरी चाक) साफ करा. खरं कसब त्यानंतर आहे: वेग. ३००० हर्ट्झचा स्वर भरलेली टेस्ट कॅसेट लावून संगणकावर बघा. ३०६० दिसलं तर यंत्र दोन टक्के पुढे पळतंय. सहा टक्के चुकलं की काळी एकमध्ये गायलेलं पांढरी दोनमध्ये ऐकू येतं. गाणारा माणूस ते पहिल्या ओळीलाच ओळखतो. मोटरजवळचा छोटा स्क्रू केसभर फिरवून ते जुळवावं लागतं, आणि कॅसेटच्या सुरुवातीला व शेवटी दोन्हीकडे तपासावं लागतं. वाजायला लागलं म्हणून परत देऊ नका. वाजणं आणि बरोबर वाजणं यातला फरक हीच तुमची सेवा आहे.

डिस्कमन (खिशातले सीडी प्लेअर) आणि मिनीडिस्क (छोट्या डिस्कचे प्लेअर) सध्या नकोत. लेझर कमजोर झाला की चांगला भाग मिळणं नशिबावर असतं, आणि नव्वदीच्या सुरुवातीच्या बऱ्याच बोर्डांवर गळलेल्या कॅपेसिटरांनी ट्रॅक, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा, खाल्लेले असतात. पाण्यात पडलेलं यंत्रही सुरुवातीला घेऊ नका.

यंत्र ताब्यात घेताना समोरच सगळी बटणं, दोन्ही कानांचा आवाज, स्क्रीन, चार्जिंग तपासून वहीत सिरियल नंबरसकट लिहा, ओरखड्यांचे फोटो काढा. तपासणीचे पैसे वेगळे ठेवा आणि काम पुढे केलं तर ते एकूण बिलातून वजा करा. फुकट तपासून देणारा माणूस नकळत प्रत्येक यंत्रात बिघाड शोधायला लागतो. ठरलेल्या कामांचा ठरलेला दर लावा, ताशी दर नको. तुमचा हात सावकाश चालला तर त्याचा भुर्दंड दुसऱ्याला का? हमी फक्त बदललेल्या भागाची आणि तुमच्या कामाची द्या, पूर्ण यंत्राची नाही, आणि हे आधीच सांगा.

नोकरी सांभाळून करायचं म्हणता, तर टेबलावर एका वेळी एकच यंत्र उघडं ठेवा. आयपॉडचे स्क्रू इतके बारीक आणि इतके सारखे दिसतात की दोन उघडी यंत्रं शेजारी असली की गोंधळ ठरलेला. बाकीची यंत्रं बंद पिशवीत, नाव लिहून, रांगेत. दुरुस्त झालेलं यंत्र लगेच देऊ नका. दोन दिवस स्वतः वापरा, चार्ज करा, खिशात घालून चाला. हेडफोन जॅकचा सैल डाग टेबलावर कळत नाही, चालताना कळतो.

जे काम जमणार नाही ते पहिल्याच फोनवर सांगा, आणि ते करणारा दुसरा कुणी माहीत असेल तर त्याचा पत्ता द्या. माझ्याकडे येणारी बरीच कामं अशाच लोकांनी पाठवलेली असतात, ज्यांना मी एकदा नाही म्हटलं होतं.