‘हिच्यात काय कमी होतं?’

शाळेचे नवे विद्यार्थी-प्रतिनिधी जाहीर झाले, की माझ्याकडे हमखास येणारा हा प्रश्न. विचारतात बहुतेक वेळा आई-बाबाच.

नववीतली एक मुलगी आईबरोबर आली होती (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). गुण उत्तम, हजेरी चोख, वहीत एक लाल शेरा नाही, तरी ‘हेड गर्ल’ दुसरीच झाली. आई तावातावाने सांगत होती; मुलगी दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळत गप्प बसली होती.

आईंना थोडा वेळ बाहेर बसवलं आणि मुलीला एवढंच विचारलं, की निवड झाली कशी? अर्ज, वर्गशिक्षकांचे गुण, सगळ्यांसमोर दोन मिनिटांचं भाषण आणि मग मतदान. भाषणात तिने सुचवलं होतं, की मैदानाकडेला एक बाक ठेवू. मधल्या सुट्टीत ज्याला कोणी खेळायला घेत नाही त्याने तिथे बसावं आणि प्रतिनिधीने जाऊन त्याला सोबत न्यावं. मुलं फिदीफिदी हसली. ही अडखळली आणि उरलेलं भाषण कसंबसं उरकलं. निवडून आलेल्या मुलीने खणखणीत आवाजात क्रीडादिन दोन दिवसांचा करू असं सांगून टाळ्या घेतल्या होत्या.

त्या दोन मिनिटांत तोलला गेला तो धीटपणा. तोही गुणच, पण प्रतिनिधीचं वर्षभराचं काम वेगळं असतं. शिक्षकांचे गुणही निर्दोष नसतात. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये दाखवलं, की लष्करी अधिकारी ज्याची शरीरयष्टी छाप पाडते त्याला बुद्धी आणि नेतृत्वातही वरचे गुण देऊन टाकतात. अमेरिकेतल्या शाळांवरचा २००८ चा एक अभ्यास तर सांगतो, की वर्गात वयाने काही महिने मोठी असलेली मुलं नेतेपदावर जास्त दिसतात. यात लहान मुलाचा काय दोष?

म्हणून मतदान बंद करा, असं मी म्हणणार नाही. आपला प्रतिनिधी मुलांनीच निवडावा. मात्र निकष अर्ज भरण्याआधी सांगितलेले हवेत, आणि आधी केलेल्या कामाला भाषणाइतकं तरी वजन हवं. पालकांनी शाळेत जरूर जावं. फक्त ‘आमचीला का नाही घेतलं?’ऐवजी ‘निवड कशावर करता?’ असं विचारावं. पहिल्या प्रश्नावर शिक्षक सावरून बसतात, दुसऱ्यावर बोलायला लागतात.

मुलीला मी विचारलं, “तुला बिल्ला हवा होता की तो बाक?”

“बाक,” ती लगेच म्हणाली. मग थोडं थांबून, “बिल्लापण.”

हे प्रामाणिक उत्तर मला आवडलं. बिल्ल्याचं वाईट वाटणारच. ते वाटू द्यावं, ‘त्यात काय एवढं’ म्हणून झटकू नये, हे आईंनाही सांगितलं. बाकासाठी मात्र पदाची गरज नव्हती. तिने वर्गशिक्षिकांना गाठलं, त्यांनी होकार दिला. पहिले काही दिवस तिथे कोणी फिरकलंच नाही, मग पाचवीतली दोन मुलं यायला लागली. पुढच्या वर्षी उभी राहणार का, यावर आई आणि ती यांचं अजून एकमत नाही.