हवेत उभा राहिलेला सर्फर खरा, मग घाटातला बिबट्या खोटा कशावरून?

तुम्ही दोन फोटो दिलेत आणि विचारलंत की यातला खरा कुठला, आणि असे थक्क करणारे फोटो खरे की बनवलेले हे आपल्यासारख्याने ओळखायचं कसं. पहिल्यात एक सर्फर लाटेच्या वर, हवेत ताठ उभा आहे, एक बोट आभाळाकडे. दुसरा तुमच्या काकांनी घरच्या ग्रुपवर टाकलेला, घाटात मोटरसायकलवरून झेप घेणारा बिबट्या.

मी बावीस वर्षं कोल्हापूर-सांगली भागात वर्तमानपत्रांसाठी फोटो काढतोय. त्यातले निम्मे कुस्तीच्या मैदानांचे आणि बैलगाडा शर्यतींचे. ‘हा फोटो खरा कशावरून?’ हे मला लोकांनी तोंडावर विचारलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सर्फरचा फोटो शंभर टक्के खरा आहे. २९ जुलै २०२४, पॅरिस ऑलिंपिक. सर्फिंगच्या स्पर्धा पॅरिसमध्ये नव्हत्या, पार पॅसिफिक महासागरातल्या ताहिती बेटावर, तेआहुपो इथे होत्या. सर्फर ब्राझीलचा गाब्रिएल मेदिना, फोटो एएफपी या वृत्तसंस्थेच्या जेरोम ब्रुइएने काढलेला. लाट संपत आली की सर्फर तिच्या पाठीवरून बाहेर उडी घेतो. त्या वेळी तो आणि त्याची फळी दोन्ही वर फेकले जातात. फळी दोरीने पायाला बांधलेली असते, त्यामुळे ती लांब जात नाही, शेजारीच उभी राहिल्यासारखी दिसते. पुढच्या क्षणी दोघंही पाण्यात. लाट जबरदस्त साधली, त्या आनंदात मेदिनाने बोट वर केलं. त्या लाटेचे त्याला दहापैकी ९.९० गुण मिळाले. तो बाहेर पडताना काहीतरी करणार हे ब्रुइएला माहीत होतं, म्हणून तो होडीत नेमक्या जागी वाट बघत होता.

आपल्याला ते अशक्य वाटतं, कारण डोळा तो क्षण वेगळा काढून दाखवूच शकत नाही. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरने ओळीने १२ कॅमेरे लावून धावत्या घोड्याचे फोटो घेतले. चारही खूर एकाच वेळी जमिनीवरून सुटतात हे त्यात दिसलं, तेही पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. तोवर चित्रकार पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेला घोडा काढत आले होते, आणि बघणाऱ्यांना तोच बरोबर वाटायचा. म्हणून फोटो बघून ‘असं होऊच शकत नाही’ असं मनात आलं, तर एवढ्यावर त्याला खोटा ठरवू नका. आपण तो क्षण कधी थांबवून पाहिलेला नसतो, एवढंच त्यातून कळतं.

आता माझी स्वतःची गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका जत्रेच्या मैदानात काटाजोड कुस्ती लागली होती. हलगी टिपेला पोचलेली, आणि एकाने धोबीपछाड मारली. माझ्या फोटोत वरचा पैलवान पूर्ण उलटा आहे. पाय आभाळाला, डोकं मातीपासून वीतभर वर, पाठीवरची लाल माती धारेसारखी गळतेय. आणि ज्याने डाव टाकला त्याचा चेहरा इतका शांत, की देवळात उभा असावा. हा फोटो मी एका स्पर्धेला पाठवला. तिथे तो ‘जोडकाम’, म्हणजे दोन फोटो जोडून बनवलेला, म्हणून बाजूला ठेवला गेला आणि मला कोणी विचारलंही नाही. फार लागलं होतं मनाला. शेवटी मी कॅमेऱ्यातलं कार्डच घेऊन गेलो. त्यावर सलग ९ फ्रेम होत्या. पहिल्या दोनांत नुसती खडाखडी. तिसरीत हात खांद्यावरून ओढलेला, चौथीत टाच सुटलेली, पाचवीत तो कमरेइतका वर. सहावी माझी फ्रेम. सातवीत पाठ मातीला लागतेय, आठवीत धुरळ्यात दोघंही गायब, नववीत पंचाचा हात. जेमतेम सव्वा सेकंदाचा खेळ. त्या ९ फ्रेम पाहिल्यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही.

तेव्हापासून कुठलाही थक्क करणारा फोटो आला की मी आधी विचारतो, याची भावंडं कुठे आहेत? उडी, धडक, झेप टिपणारा माणूस बटण दाबून धरतो. एका फ्रेमच्या मागेपुढे दहा-वीस फ्रेम असतात. शेजारी दुसरा फोटोग्राफर असतो, प्रेक्षकांत मोबाइल असतात. फक्त एकुलता एक फोटो मिळतो, मागचं-पुढचं काही नाही, काढणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही, तारीख नाही, तेव्हा मी सावध होतो.

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची वन्यजीव छायाचित्रांची जी मोठी स्पर्धा आहे, तिथे हेच घडलं. २०१७ मध्ये ब्राझीलच्या मार्सिओ काब्राल यांच्या फोटोला एका गटात पहिलं बक्षीस मिळालं. रात्रीची वेळ, वाळवीचं वारूळ चमकणाऱ्या अळ्यांनी उजळलेलं, आणि त्याकडे निघालेला मुंगीखाऊ. मग कोणीतरी कळवलं की त्या राष्ट्रीय उद्यानाच्या दारात ठेवलेला पेंढा भरलेला मुंगीखाऊ अगदी असाच दिसतो. म्युझियमने तज्ज्ञ बसवले, त्यांनी अंगावरचे पट्टे आणि केसांचे झुपके ताडून पाहिले, आणि एप्रिल २०१८ मध्ये बक्षीस काढून घेतलं. काब्राल यांनी आरोप मान्य केला नाही. त्यांनी आधीचे आणि नंतरचे फोटो दिलेही, पण मुंगीखाऊ त्यातल्या एकातही नव्हता.

याच स्पर्धेचा २००९ चा सर्वोच्च पुरस्कार स्पेनच्या एका फोटोला मिळाला होता. लाकडी फाटकावरून रात्री झेपावणारा लांडगा. तोही जानेवारी २०१० मध्ये रद्द झाला, कारण तो माद्रिदजवळच्या एका प्राणिसंग्रहालयातला माणसाळलेला लांडगा असण्याची दाट शक्यता आहे असं परीक्षकांचं मत झालं. फोटोग्राफरने हेही नाकारलं. या प्रकरणात कॉम्प्युटरवर कोणी काही जोडलं होतं असा आरोपच नव्हता. शंका आली ती लांडगे ओळखणाऱ्यांना. रानातला लांडगा फाटकाच्या फटीतून सरपटत जाईल, उगाच उडी कशाला मारेल? म्हणून सांगतो, पिक्सेल बघायच्या आधी त्या विषयातला माणूस गाठा. बैलगाड्याचा फोटो असेल तर गाडामालकाला दाखवा, सापाचा असेल तर सर्पमित्राला.

शार्कचे दोन फोटो तर मी नवीन मुलांना नेहमी दाखवतो. २००१ च्या सुमारास ईमेलवर एक फोटो फिरत होता. हेलिकॉप्टरच्या शिडीवर लोंबकळणारा सैनिक, आणि खालून पाण्याबाहेर उसळलेला शार्क. सोबत लिहिलेलं की नॅशनल जिओग्राफिकचा वर्षातला सर्वोत्तम फोटो, दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ काढलेला. मागे नीट पाहिलं तर सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल दिसतो. हेलिकॉप्टर अमेरिकेतलं, शार्क आफ्रिकेतला, दोन वेगळे फोटो शिवलेले. नॅशनल जिओग्राफिकने आपला संबंध नसल्याचं सांगितलं.

दुसरा फोटो थॉमस पेशॅक यांचा, २००३ चा. दक्षिण आफ्रिकेच्या निळ्याशार पाण्यात पिवळ्या कयाकमध्ये, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीत, बसलेला माणूस मागे वळून बघतोय आणि त्याच्यामागे पांढरा शार्क पोहतोय. लोकांनी तो बनावट म्हणून उडवून लावला. प्रत्यक्षात तो खरा आहे. पुढे कोणीतरी त्यातलाच शार्क कापून २०११ च्या आयरीन वादळाच्या वेळी पाण्याखाली गेलेल्या रस्त्यावर चिकटवला. तो नंतर जवळपास प्रत्येक वादळात नव्या गावाच्या नावाने फिरतो. मग सप्टेंबर २०२२ मध्ये फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सहून एक व्हिडिओ आला, घरामागच्या पुराच्या पाण्यात शार्कसारखा मोठा मासा. ‘लांडगा आला रे’च्या गोष्टीसारखं झालं, कित्येकांनी न बघताच खोटा म्हटलं. एपी वृत्तसंस्थेने तो काढणाऱ्याला शोधलं, मूळ फाइलमधली वेळ तपासली. व्हिडिओ खरा निघाला.

डोळ्यांनी तपासायच्या ज्या युक्त्या सांगतात, त्यातल्या बऱ्याच व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोला लावू नका. पाठवताना फोटो इतका दाबला जातो की कडा आपोआप तुटक दिसतात, आणि कॅमेरा, तारीख, वेळ ही माहिती पुसली जाते. कडा फाटलेली दिसली म्हणजे कात्री लावलीय असं नाही. आजचे मोबाइल स्वतःच तीन-चार फ्रेम मिसळून एक फोटो बनवतात, त्यात धावत्या पोराला सहावं बोट फुटलेलंही मी पाहिलंय. सावल्यांच्या बाबतीत तर आपला डोळा फारच कच्चा आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या खुनातला संशयित ऑस्वाल्ड बंदूक घेऊन अंगणात उभा आहे, तो फोटो सावल्या जुळत नाहीत म्हणून कित्येक वर्षं खोटा म्हटला गेला. २००९ मध्ये हॅनी फरीद या संशोधकाने कॉम्प्युटरवर त्रिमितीय प्रतिकृती करून दाखवलं की एकाच सूर्याने तशाच सावल्या पडतात.

तरी एक तपासणी मी न चुकता करतो, ती शटरची. शटर म्हणजे कॅमेऱ्याचा पडदा, तो जितका वेळ उघडा राहतो तेवढ्या वेळातली हालचाल फोटोत उतरते. एका फोटोतल्या सगळ्या गोष्टींना शटर एकच असतं. आणि इथे तुमचा बिबट्या सापडला. मोटरसायकलच्या चाकाच्या तारा बघा, सगळ्या फिरून एक राखाडी चकती झालीय. म्हणजे शटर बऱ्यापैकी मंद होतं. त्याच शटरला आडवी झेप घेणाऱ्या बिबट्याच्या मिशीचा केस न केस कसा काय धारदार येईल? फ्लॅशने येईल म्हणाल, पण मग मागच्या कठड्यावरचे रिफ्लेक्टर लखलखले असते. ते मंद आहेत.

एवढ्यावर न थांबता मी फक्त बिबट्या कापून घेतला आणि गूगल लेन्सवर, म्हणजे चित्रावरून तसंच चित्र शोधून देणाऱ्या सोयीवर, शोधला. काही मिळालं नाही. मग तोच तुकडा आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटवून पुन्हा टाकला, कारण चिकटवणारे बहुतेकदा प्राणी उलटवून लावतात. तिसराच निकाल नेमका तो होता. शेपटीचा तोच वळसा, तोच अर्धा मिटलेला डोळा, पण खाली मोटरसायकल नाही, एक खडक आहे.

बिबट्या गावात येतो, वस्तीतून फिरतो, यात खोटं काहीच नाही. मुंबईच्या आरे वसाहतीत रात्रीच्या बोळातून चालणाऱ्या बिबट्याचा नयन खानोलकरांचा फोटो बघा. एखाद्या सिनेमाचा सेट वाटावा असा आहे. पण तो खरा आहे. त्यासाठी त्यांनी चार महिने कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोरून प्राणी गेला की आपोआप फोटो घेणारा कॅमेरा, लावून वाट पाहिली, आणि २०१६ मध्ये त्याला वर सांगितलेल्या लंडनच्या स्पर्धेतच शहरी गटातलं पहिलं बक्षीस मिळालं. तुमच्या काकांना त्यामुळे घाटातला फोटो पटला असेल तर त्यांचं काही चुकलं नाही. ग्रुपवर सगळ्यांसमोर त्यांना खोटं पाडू नका. खडकावरच्या मूळ फोटोची लिंक मी खाली कमेंटमध्ये टाकतोय, ती त्यांना एकट्याला पाठवा, आणि त्यांना हा कोणाकडून आला तेवढं विचारून घ्या. मला त्या माणसापर्यंत पोचायचंय, कारण हाच फोटो गेल्या आठवड्यात आमच्याकडे वेगळ्या घाटाच्या नावाने बातमीसाठी आला होता.