आरएक्स १०० पन्नासच्या पुढे ओढत नाही. सायलेन्सर चोक आहे की रिंग-पिस्टन गेलंय, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय त्याचा सारांश असा: वडिलांची १९९४ सालची यामाहा आरएक्स १००, काही वर्षं जुळे सोलापूरच्या घरी पत्र्याखाली उभी होती. आता बाहेर काढलीत. एका किकेत सुरू होते, जागेवर बरी चालते, पण रस्त्यावर ५० च्या पुढे जात नाही, ॲक्सिलेटर वाढवला की गुदमरल्यासारखी होते आणि इंजिन लवकर तापतं. एक मिस्त्री म्हणतो, "सायलेन्सर जाम झालाय ओ." दुसरा म्हणतो रिंग-पिस्टन आणि बोरिंग करून टाका. कुणाचं ऐकायचं?

मी सोलापुरात जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांचं काम करतो. आधी एवढंच सांगतो की ब्लॉक, म्हणजे ज्यात पिस्टन वर-खाली होतो ते सिलिंडर, कुणाला उतरवू देऊ नका. बोरिंग म्हणजे ब्लॉकच्या आतलं लोखंड कापून भोक मोठं करणं, आणि कापलेलं लोखंड परत येत नाही. प्रत्येक ब्लॉकला अशी मोजकीच बोरिंगं झेपतात. आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्येच थांबलं, त्यामुळे वडिलांच्या गाडीतला मूळ ब्लॉक ही जपायची वस्तू आहे. शिवाय थंड इंजिन एका किकेत सुरू होतंय, म्हणजे कॉम्प्रेशन (पिस्टनने सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) अगदीच गेलेलं नाही. रिंगा पुरत्या झिजल्या असत्या तर किक हलकी लागली असती आणि सकाळी गाडीने घाम काढला असता. सायलेन्सरवाल्या मिस्त्रीचं म्हणणं मला जास्त पटतं. पण नुसतं पटून उपयोग नाही, खात्री करता येते आणि ती जवळपास फुकटात होते.

टू-स्ट्रोकला सायलेन्सर एवढा का जड जातो, ते समजलं की पुढचं सोपं जाईल. या इंजिनला धूर सोडायला वेगळा व्हॉल्व्ह नाही. ब्लॉकच्या भिंतीतच एक खिडकी असते, एक्झॉस्ट पोर्ट. पिस्टन खाली आला की ती उघडते, जळका धूर तिथून बाहेर पडतो आणि खालून येणारा ताजा पेट्रोल-हवेचा माल त्याला मागून रेटतो. पुढचा रस्ता अरुंद झाला की जळका धूर थोडा आतच राहतो आणि ताज्या मालाला तेवढी जागा कमी मिळते. हळू चालवताना धूरच कमी असतो, म्हणून काही कळत नाही. ॲक्सिलेटर वाढवला की अडकतं. तुमच्या गाडीचं वागणं नेमकं असंच आहे. आणि ती गरम वाफ ब्लॉकमध्येच कोंडते, म्हणून गाडी तापते. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४२ च्या आसपास असतो. अशा दिवसांत चोक झालेली टू-स्ट्रोक लांब पळवली तर पिस्टन ब्लॉकमध्ये जाम होऊ शकतो. मग खरंच बोरिंगची वेळ येईल. म्हणून निकाल लागेपर्यंत गाडी ताणू नका.

पण अशीच लक्षणं दुसऱ्या चार गोष्टींनीही येतात. त्या आधी बाजूला काढा.

सगळ्यात कामाची परीक्षा चोकची आहे (इथे चोक म्हणजे थंड गाडी सुरू करताना ओढतात तो कार्बोरेटरचा खटका), आणि ती फार कमी लोक करतात. सकाळी लवकर तुळजापूर रोडला मोकळा पट्टा बघा. गाडी गरम होऊन गुदमरायला लागली की बाजूला थांबा, चोक अर्धा ओढा आणि तशीच परत निघा. गाडी आधीपेक्षा बरी ओढायला लागली, तर तिला पेट्रोल कमी पडतंय: मेन जेटमध्ये (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकात) कचरा, टाकीखालच्या कॉकच्या जाळीत गंज, नाहीतर टाकीत हवा जात नाही. अशा वेळी सायलेन्सरला हात लावायचं कारणच नाही. उलट चोक ओढल्यावर आणखी बिघडली, तर पेट्रोल पुरतंय, अडचण हवेची किंवा धुराची आहे. एवढ्या एका कृतीने अर्धा प्रश्न सुटतो.

टाकीचं झाकणही तिथेच बघून घ्या. गाडी मंदावली की झाकण उघडा. 'फुस्स' आवाज आला आणि पुढचे काही किलोमीटर गाडी छान पळाली, तर झाकणाचं हवेचं भोक बंद आहे. पेट्रोल तुटण्याची एक खूण लक्षात ठेवा: गाडी दम तोडते, दोन मिनिटं उभी केली की सावरते. चोक झालेला सायलेन्सर दोन मिनिटांत मोकळा होत नाही.

क्लच घसरत असेल तर इंजिनचा आवाज चढतो आणि वेग चढत नाही. तुमच्याकडे आवाजच चढत नसेल, तर क्लच निर्दोष. ब्रेक घासतोय का ते मेन स्टँडवर चाक हाताने फिरवून कळतं. एअर फिल्टर मात्र नक्की उघडा. काही वर्षं उभ्या गाडीतला फोम कुजून पेढ्यासारखा भुगा होतो आणि तो कार्बोरेटरकडे ओढला जातो. फिल्टरच्या डब्यात उंदराने चिंध्या भरलेल्या मी बघितल्या आहेत.

प्लगच्या रंगावर एकट्याने निकाल देऊ नका. काळा, ओला प्लग जास्त ऑईलने येतो, जास्त पेट्रोलने येतो आणि धूर आत कोंडल्यानेही येतो. तुमचा दुसरा मिस्त्री बहुधा काळा प्लग बघूनच रिंगांपर्यंत पोचला असावा.

आता सायलेन्सर. मागून पुढे जायचं, कारण मागचं उघडायला सोपं आहे आणि बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

गाडी उघड्यावर घ्या, पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद गॅरेजमध्ये नको, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता घात करतो. इंजिन चालू करून सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर तळहात धरा. निरोगी गाडीत फट्-फट् असे वेगळे ठोके हाताला लागतात आणि ॲक्सिलेटर दिला की जोर स्पष्ट वाढतो. चोक असेल तर एक सलग, मऊ वारा लागतो आणि ॲक्सिलेटर दिला तरी फारसा बदलत नाही. ओळखीत कुणाकडे चांगली आरएक्स असेल तर शेजारी उभी करून दोन्हींवर हात धरा. पहिल्यांदा करणाऱ्याला तुलनेशिवाय हे कळत नाही. त्याच वेळी बेंड पाइप ब्लॉकला जुळतो तिथे बघा. काळं ऑईल फेकलेलं दिसलं किंवा फुसफुस ऐकू आली, तर एकतर गॅस्केट गेलंय, नाहीतर पुढे वाट न मिळाल्याने धूर तिथून निघतोय.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर जुन्या क्लच केबलची आतली तार घेऊन मागच्या तोंडातून घालून बघा. तुमची गाडी उभी होती म्हणून हे मुद्दाम सांगतोय. चिखलाचं घरटं बांधणाऱ्या कुंभारमाशीला सायलेन्सरचं भोक फार आवडतं. तार थोडी आत जाऊन कडक लागली आणि ओढल्यावर टोकाला लाल माती आली, तर तुमचं निदान तिथेच संपलं.

तसं नसेल तर बॅफल, म्हणजे सायलेन्सरच्या आतली आवाज दाबणारी नळी, काढा. सायलेन्सरच्या मागच्या टोकाजवळ एक छोटा बोल्ट असतो, तो बॅफलची नळी धरून ठेवतो. बोल्ट गंजलेला असणार. आदल्या रात्री गंज सोडवणारं ऑईल मारून ठेवा, नाहीतर डोकं तुटेल. बोल्ट निघाला तरी नळी सहसा निघत नाही, कारण कार्बनने ती आत चिकटलेली असते. पकडीत धरून डावी-उजवीकडे हलवत, लाकडाने हलके ठोकत ओढा. बाहेर आली की तिच्याकडे नीट बघा. नळीला बारीक भोकं असतात. चांगल्या बॅफलमध्ये प्रत्येक भोकाची कड दिसते, वरचा काळा थर बोटाने पुसला जातो. चोक झालेल्यात भोकं शोधावी लागतात. वर डांबरासारखा चिकट थर, त्याखाली कडक काळी खपली, आणि ज्या बाजूने धूर आत शिरतो तिथे ती सर्वात जाड. नळीचं एक टोक डोळ्याला लावून दुसरं आभाळाकडे धरा. उजेड गोल दिसला पाहिजे. वाकडातिकडा ठिपका दिसला तर पहिला मिस्त्री बरोबर होता.

बॅफल बाहेर असतानाच एक छोटी फेरी मारा, घरापासून कोपऱ्यापर्यंत, तपासणीपुरती. आवाज कर्कश येईल, त्याला घाबरू नका. अडलेली गाडी एकदम मोकळी होऊन दुसऱ्या गिअरला झेप घेऊ लागली, तर अडथळा बॅफलमध्ये होता. काहीच फरक पडला नाही, तर तो पुढे आहे: सायलेन्सरच्या पोटात, बेंड पाइपमध्ये किंवा पोर्टमध्ये.

काही जण ब्लॉककडचे नट सैल करून, पाइप थोडा सुटा करून गाडी पळवून बघतात. स्प्लेंडरसारख्या फोर-स्ट्रोकला ही परीक्षा ठीक आहे: नट दोन-चार आटे सैल केले आणि गाडी ओढायला लागली, तर सायलेन्सर आतून बसलाय. फोर-स्ट्रोकमध्ये कार्बनपेक्षा गंज जास्त त्रास देतो. आतली जाळी तुटून आडवी पडते आणि सायलेन्सर हलवला की खुळखुळ वाजतो. टू-स्ट्रोकला मात्र ही परीक्षा फसवी आहे. तिची ताकद पाइपच्या आकारावर आणि त्यातून परत येणाऱ्या दाबाच्या लाटेवर उभी असते. पाइप सुटा केला की चांगली गाडीसुद्धा मंद होते, आणि तुम्ही म्हणाल 'सायलेन्सरचा दोष नव्हता'.

बॅफल स्वच्छ निघाला तर पूर्ण सायलेन्सर उतरवा आणि ब्लॉकच्या खिडकीत टॉर्च मारा. किकने पिस्टन हळूहळू वर आणा, म्हणजे त्याच्या अंगाने खिडकी झाकली जाईल आणि खरवडलेला कार्बन आत पडणार नाही. खरवडायला बांबूची चपटी काडी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी घ्या. स्क्रू-ड्रायव्हर घालू नका, पिस्टनवर ओरखडा गेला तर तो कायमचा. खरवडून झाल्यावर पंक्चरवाल्याकडच्या हवेने सगळं उडवून द्या.

बॅफलच्या सफाईला आपल्या गावात कॉस्टिक सोडा सहज मिळतो, सूत रंगवणाऱ्या डायिंगवाल्यांच्या रोजच्या वापरातला आहे. चालतो, पण जपून. बादली प्लास्टिकची घ्या, ॲल्युमिनियमचं भांडं अजिबात नको, कॉस्टिक ते खातं आणि हायड्रोजन वायू सुटतो. पाण्यात कॉस्टिक थोडा थोडा टाकायचा, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही. रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल हवाच. नळी रात्रभर बुडवून सकाळी ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा, उन्हात कडक वाळवा. गॅसच्या ज्वाळेने जाळून काढायची जुनी पद्धत आहे, ती बॅफलच्या सुट्या नळीला चालते. पूर्ण सायलेन्सर भट्टीत घातला तर क्रोम निळं-पिवळं पडतं आणि सोलून निघतं.

साफ केलेला बॅफल परत बसवाच. 'आवाज मस्त येतो' म्हणून काढून ठेवणारे पुष्कळ आहेत. त्यात गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना आणि तान्ह्या पोरांना त्रास होतो, पोलीस दंड करतात, आणि कंपनीने जुळवलेला दाब बिघडल्याने खालच्या वेगाला गाडी ओढत नाही.

आणि कार्बन साचला कशाने ते शोधा, नाहीतर पुन्हा तेच होईल. गाडीचा ऑईल पंप चालू आहे का, केबलचं सेटिंग जास्त ऑईल सोडतंय का, हे बघून घ्या. पंप चालू असताना कुणी टाकीतही ऑईल घालत असेल, तर दुप्पट ऑईल जळतंय. हा प्रकार वारंवार दिसतो. पंप काढून टाकला असेल आणि पेट्रोलमध्ये मिसळत असाल, तर माप अंदाजाने घेऊ नका, मापाचं भांडं वापरा. डब्यावर जासो (JASO, जपानी दर्जाची खूण) एफसी किंवा एफडी लिहिलेलं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं, ऑईल घ्या, धूर कमी आणि कार्बन कमी. फोर-स्ट्रोकचं इंजिन ऑईल यात चालत नाही.

हे सगळं झाल्यावर, चोक, झाकण, फिल्टर, बॅफल, पोर्ट सगळं स्वच्छ असतानाही गाडी ५० लाच अडली, तर कॉम्प्रेशन गेज लावून आकडा कागदावर लिहून घ्या. मग हेड उतरवा आणि ब्लॉकच्या भिंतीवर उभे ओरखडे आहेत का ते स्वतःच्या डोळ्याने बघा. ओरखडे नसतील आणि मायक्रोमीटरचं माप हद्दीत असेल, तर नुसत्या रिंगा बदलून भागतं, बोरिंग लागत नाही.