जुन्या लॅपटॉपवर केवळ मुक्त साधनांनी एफपीजीए शिकता येईल का?

चिप बनवणाऱ्या कंपनीचे भलेमोठे सॉफ्टवेअर आपल्या जुन्या लॅपटॉपवर मावत नाही, म्हणून निव्वळ मुक्त (ओपन सोर्स) साधनांच्या भरवशावर एफपीजीए, म्हणजे आतल्या जोडण्या हव्या तशा ठरवता येणारी चिप, वापरायला शिकता येईल का, असे आपण विचारले आहे. निश्चित येईल, मात्र बोर्ड विकत घेण्याआधी त्यावर कोणती चिप आहे, हे नीट पाहून घ्यावे.

व्हेरिलॉग या हार्डवेअर-वर्णन भाषेतील वर्णनावरून सर्किट तयार करण्याचे काम योसिस हे मुक्त साधन उत्तम करते. खरी अडचण पुढे येते, कारण चिपमध्ये भरायच्या बिटस्ट्रीममधला (जोडण्या ठरवणाऱ्या फाइलमधला) कोणता बिट कोणती जोडणी करतो, हे कंपन्या सहसा उघड करत नाहीत. लॅटिस कंपनीच्या आइस-४० चिपपुरते हे कोडे क्लेअर वुल्फ आणि मथायस लासर यांनी २०१५ मध्ये आइसस्टॉर्म प्रकल्पातून उलगडले. पुढे लॅटिसच्याच ईसीपी-५ साठी ट्रेलिस आणि गोविन कंपनीच्या चिपसाठी अपिकुला हे प्रकल्प उभे राहिले. बोर्ड या तीन कुळांपैकीच निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

८६४० एलयूटींची (सर्किट ज्यांतून घडते त्या छोट्या घटकांची) गोविन चिप असलेला टँग नॅनो ९के हा बोर्ड शिकण्यासाठी पुरेसा आहे. त्याच्या २७ मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर २५ बिटांचा काउंटर चालवून सर्वांत वरचा बिट एलईडीला जोडला, तर दिवा साधारण सव्वा सेकंदाला एकदा लुकलुकतो. येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो: जागा ठरवून जोडण्या आखणाऱ्या नेक्स्टपीएनआरला आपण क्लॉकची वारंवारता सांगितली नाही, तर ते १२ मेगाहर्ट्झ गृहीत धरते. त्यामुळे सर्किट त्या वेगाने चालेल का, हे सांगणाऱ्या त्याच्या अहवालात 'पास' दिसले, तरी ते १२ मेगाहर्ट्झपुरतेच असते. २७ हा आकडा स्वतः द्यावा आणि मगच त्या शब्दावर विसंबावे.

अभ्यासक्रमात झायलिंक्स या कंपनीच्याच चिपचा बोर्ड सक्तीचा असेल, तर तूर्त कॉलेजच्या संगणकावर कंपनीचेच सॉफ्टवेअर वापरणे शहाणपणाचे ठरेल. त्या चिपसाठीही मुक्त प्रयत्न झाले आहेत, पण नवशिक्याने तेथून सुरुवात करावी इतके ते सुकर नाहीत. कंपन्यांचे कुलूपबंद आयपी ब्लॉकही (आयते सर्किट-भागही) योसिसमध्ये चालत नाहीत. व्हीएचडीएल ही दुसरी हार्डवेअर-वर्णन भाषा येत असेल, तर जीएचडीएल प्लगिनच्या मदतीने तीही योसिसला देता येते.

ही बहुतेक साधने ओएसएस कॅड सूट या एकाच संचात मिळतात आणि तो फोल्डर उलगडला की वापरता येतो. बोर्ड हाती येईपर्यंत इकारस व्हेरिलॉगवर सिम्युलेशन चालवून जीटीकेवेव्हमध्ये सिग्नल पाहण्याचा सराव सुरू करावा. त्यासाठी कोणतीही चिप लागत नाही.