वहीतल्या खुणा सगळ्या पूर्ण, पण राग जात नाही

प्रश्न : ताई, प्रभूच्या नावात सलाम. माझं वय ४६, जन्मापासून ख्रिस्ती घरातली, वडील संडे स्कूल घ्यायचे. मी गेली काही वर्षं एक वही ठेवली आहे, त्यात रोज खुणा करते, पहाटेची प्रार्थना, बायबलचे तीन अध्याय, मिळकतीचा दशांश देणं, कुणाबद्दल वाईट बोलले नाही, रागावले नाही असं सगळं. पण माझ्या जावेने सासूबाईंच्या बांगड्या परस्पर ठेवून घेतल्या तेव्हापासून तिचं नाव निघालं तरी माझ्या आत आग होते. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे, चाळीस दिवस एक शब्द बोलले नाही, सगळ्या खुणा पूर्ण, आणि ईस्टरच्या दुपारी जेवायला बसलो तेव्हा सगळ्यांसमोर तिला नको नको ते बोलले. पाळकसाहेब म्हणतात कृपेवर भरवसा ठेवा. म्हणजे नेमकं करायचं काय? अजून एखादा नियम वाढवू का?
– एक भगिनी, श्रीरामपूर

उत्तर : ताई, सलाम. नियम वाढवू नका. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि त्या चाळीस दिवसांपाशीच थांबले, कारण चाळीस दिवस तोंड बंद ठेवणं ही काय छोटी गोष्ट नाही हो, तुम्ही मनापासून प्रयत्न केलाय. पण त्या दिवसांत राग गेला नव्हता, तो फक्त आत कोंडला होता, आणि कोंडलेलं एक दिवस बाहेर येतंच.

बायबलमधली पत्रं लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचंही हेच झालं होतं. फिलिप्पैकरांच्या पत्रात तो स्वतःबद्दल म्हणतो की नियमशास्त्राच्या, म्हणजे मोशेच्या आज्ञांच्या, दृष्टीने मी निर्दोष होतो, म्हणजे त्याच्या वहीत सगळ्या खुणा होत्या असं समजा. आणि तोच माणूस रोमकरांच्या सातव्या अध्यायात ओरडतो, 'किती मी कष्टी माणूस!' तिथे तो उदाहरण कुठल्या आज्ञेचं देतो बघा, खून नाही, चोरी नाही, दहा आज्ञांतली शेवटची, 'लोभ धरू नको'. हात काय करतात ते शेजाऱ्याला दिसतं, पण लोभ कुणाला दिसणार? तो म्हणतो ही आज्ञा ऐकली आणि माझ्यात सगळ्या प्रकारचा लोभ जागा झाला. आज्ञा चांगलीच आहे, पवित्र आहे असं तो लगेच पुढे म्हणतोही. पण डॉक्टरांच्या एक्सरेत हाड मोडलेलं दिसतं, एक्सरे काढून हाड जुळत नाही, तसं.

गलतीकरांच्या पत्रात तो नियमशास्त्राला बालरक्षक म्हणतो. त्या काळी ग्रीक-रोमन श्रीमंत घरांत मुलाला शाळेत नेण्या-आणण्यासाठी एक गुलाम असायचा, तो मुलाचं वागणं बघायचा, कान पकडायचा, पण शिकवणारा तो नव्हे. तो शाळेपर्यंत पोचवायचा. तुम्ही एवढी वर्षं बालरक्षकाचं बोट धरून शाळेच्या दारात उभ्या आहात असं मला वाटतं, आणि रागावू नका, पण आत जायचं राहिलंय.

आत म्हणजे काय ते सांगायला मला येशूने सांगितलेली उधळ्या पुत्राची गोष्ट लागते, पण त्यातला वाटणी उधळून घरी परत आलेला धाकटा नाही, घरीच राहिलेला मोठा. आपण घराण्यातले ख्रिस्ती लोक ही गोष्ट ऐकताना कायम धाकट्यासाठी रडतो आणि आपली जागा मोठ्याच्या शेजारी आहे हे विसरतो. तो बापाला काय म्हणतो, इतकी वर्षं तुमची चाकरी केली, एकही आज्ञा मोडली नाही, आणि मला कधी करडूसुद्धा दिलं नाहीत. ताई, हा माणूस मुलगा असून नोकरासारखा राहत होता, हिशोब ठेवून, आणि ज्याच्याकडे हिशोब असतो त्याला भाऊ घरी परत आला त्यातही फक्त आपलं नुकसान दिसतं. त्याला बाप काय करतो? बाहेर अंगणात येतो. जसा धाकट्याकडे धावत गेला तसा ह्याच्याकडेही स्वतः चालत येतो, आणि रागवत नाही, म्हणतो बाळा, तू नेहमीच माझ्याबरोबर आहेस, जे माझं ते सगळं तुझंच आहे. कृपा कृपा आपण म्हणतो ती हीच. तुम्ही खुणा केल्या म्हणून तो तुमचा बाप झालेला नाही, आणि ईस्टरच्या दुपारी तुम्ही जे बोललात त्यामुळे तो बापपण सोडत नाही. हे ज्या दिवशी डोक्यातून छातीत उतरतं ना, त्या दिवसापासून दुसऱ्याला माफ करणं शक्य व्हायला लागतं, कारण आपलं कुणी काही घेतलं तरी आपण रिकामे होत नाही.

आपल्या पंडिता रमाबाईंची साक्ष आठवा. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला झाला. त्याच सुमारास तिथल्या सिस्टर्सनी त्यांना लंडनमधलं फुलहॅमचं एक घर दाखवलं होतं, समाजाने ज्या बायकांना पतित म्हणून दार लावलं त्यांच्यासाठी चालवलेलं. त्या बायका तिथे बदलताना रमाबाईंनी बघितल्या, आणि इतक्या मायेने ह्यांची सेवा का करता असं त्यांना शिकवणाऱ्या सिस्टरना विचारलं, तेव्हा त्यांनी योहानाच्या चौथ्या अध्यायातली, येशू जिच्याशी आपणहून बोलला त्या विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. आणि एवढं सगळं बघूनही रमाबाई पुढे लिहितात की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नाही, त्याला आणखी आठ वर्षं लागली. एवढ्या विदुषी, एवढ्या प्रामाणिक, त्यांना आठ वर्षं! मग आपल्याला वेळ लागला तर घाबरायचं काय कारण? नंतर केडगावला आपल्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अशाच बायकांसाठी घर काढलं, त्याचं नाव कृपासदन. फुलहॅमला जे बघितलं ते इथे, पुणे जिल्ह्यात उभं राहिलं.

आता करायचं काय. वही महिनाभर कपाटात ठेवा. प्रार्थना, वाचन चालू ठेवा पण खूण करू नका. आणि प्रार्थनेत 'प्रभू मला प्रेमळ कर' असं छान छान बोलू नका, जे आहे ते सांगा, की मला ती आवडत नाही, मला त्या बांगड्या हव्या आहेत, मला माफ करता येत नाहीये. स्तोत्रांत लोक ह्याहून कडक बोललेत देवाशी. यहेज्केलाच्या ३६व्या अध्यायात देव म्हणतो मी तुमचं पाषाणमय हृदय काढून मांसमय हृदय देईन, 'मी' म्हणतो तो, तुम्ही काढा असं म्हणत नाही. दगड दाखवायचा आणि त्याच्या हाती द्यायचा एवढं आपलं काम.

आणि एक, बांगड्यांचा प्रश्न खोटा नाही. कृपा म्हणजे आपलं म्हणणं गिळून टाका असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका, घरातल्या मोठ्यांना बसवून शांतपणे विषय काढा. पण आधी ईस्टरच्या बोलण्याबद्दल जावेकडे जाऊन सॉरी म्हणा, बांगड्यांचा शब्द न काढता. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी नकोत.

प्रश्न : मावशी, सलाम. मी २६ वर्षांचा, जॉब करतो. दोन वर्षं ऑफिसमध्ये पेट्रोलची खोटी बिलं लावली. मागच्या महिन्यात युवक शिबिरात प्रभूला जीवन दिलं, खूप रडलो, माफी मिळाली ह्याची खात्री आहे. मित्र म्हणतो आता तू कृपेखाली आहेस, झालं गेलं विसर. पण झोप लागत नाही. कृपा असेल तर हे टोचणं कशाला?
– एक युवक, पुणे

उत्तर : बाळा, टोचतंय हीच चांगली बातमी आहे, दोन वर्षं टोचत नव्हतं ना! तुझ्या मित्रासारखा प्रश्न पौलाच्या वेळीही विचारला जायचा, कृपा वाढावी म्हणून पापात राहायचं काय, आणि त्याने तिथल्या तिथे कधीच नाही म्हणून सांगितलं. तीताच्या पत्रात तर कृपा आपल्याला शिकवते असं लिहिलंय, अभक्तीला नाही म्हणायला. म्हणजे माफी देऊन ती निघून जात नाही, घरात राहायला येते.

तू जक्कय वाच, लूक १९. यरीहोचा मुख्य जकातदार, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला, उंबराच्या झाडावर चढलेला. येशूने त्याला आधी पैसे परत कर मग येतो असं म्हटलं नाही, आज मला तुझ्या घरी उतरायचंय म्हणाला, सगळ्या गावासमोर, आणि गाव कुरकुरलं. मग जक्कय आपणहून उभा राहिला, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट. आता गणनेच्या पुस्तकात गुन्हा कबूल करणाऱ्याला मोशेचं नियमशास्त्र किती मागतं, मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा. म्हणजे हजाराचे बाराशे. जक्कय हजाराचे चार हजार देतोय आणि कुणी मागितलेले नाहीत! नियमाला त्याच्याकडून बाराशे काढायला शिपाई लागला असता. माझ्या घरी जेवायला कुणी येत नाही, आणि हा आला, ह्या एका गोष्टीने त्याचा हात मोकळा झाला.

तू परत केलेस तर तुझी माफी जास्त पक्की होईल असं नाही, ती झालीय. पण झोप लागत नाही ते येशू तुझ्या घरी आलाय म्हणून, आणि त्याच्यासमोर ती बिलं टेबलावर पडलीयेत. नोकरीची भीती वाटणारच, ती खरी आहे, जाऊही शकते, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. ह्या शनिवारी बसून एकूण आकडा काढ, अंदाजाने नको, महिन्याप्रमाणे. तुझ्या पाळकांना दाखव, आणि साहेबांना भेटायला जाशील तेव्हा त्यांना गेटपर्यंत सोबत यायला सांग. काय झालं ते मला लिही.