प्रश्न तुमचे : पाठ आहे, पण कळलेले नाही

प्रश्न : मी गणित शिकवते. मुले व्याख्या आणि रीत न अडखळता म्हणून दाखवतात. पण तोच प्रश्न जरा फिरवून विचारला की गप्प होतात. फळ्यावर समजावून सांगणे सोडून सगळे उपक्रमांतूनच शिकवावे का?
– एक शिक्षिका

उत्तर : फळा सोडण्याची घाई करू नका. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांनी १९६०च्या दशकात दोन गोष्टी वेगळ्या काढून दाखवल्या : मूल ऐकून शिकते की स्वतः शोधून, ही एक, आणि शिकलेले त्याच्या आधीच्या ज्ञानात जाऊन बसते की नुसते पाठ होते, ही दुसरी. पहिलीवरून दुसरी ठरत नाही. सूचनेबरहुकूम उरकलेला उपक्रम ही हाताने केलेली घोकंपट्टीच असते, तर नीट बांधलेल्या व्याख्यानातूनही अर्थ पोहोचतो. मुलाला आधी काय माहीत आहे ते शोधा आणि तिथून शिकवा, हे त्यांच्या १९६८च्या ग्रंथाचे मुख्य सूत्र आहे.

हे ‘आधीचे’ अडसरही ठरते. ०.२५ मोठे की ०.३, असे विचारून पाहा. ‘०.२५’ म्हणणारे मूल निष्काळजी नसते. २५ हे ३ पेक्षा मोठे, हा पूर्ण संख्यांबाबत कायम खरा ठरलेला नियम ते इमानाने पुढे चालवत असते. ‘शून्य लावून स्थळे सारखी करा’ असे सांगितले की उत्तर बरोबर येते, पण जुनी समजूत जागच्या जागी राहते. त्याऐवजी शंभर चौकटींचा चौरस काढून २५ चौकटी रंगवायला सांगा, शेजारच्या चौरसात दहा-दहाचे तीन उभे स्तंभ रंगवायला सांगा, आणि आपले पहिले उत्तर कुठे चुकले हे त्यालाच बोलू द्या. यात वेळ जातो, हे खरे.

पाठांतराला मात्र मी वाईट म्हणणार नाही. पाढे तोंडपाठ असले, तर उदाहरण सोडवताना विचार करायला डोके मोकळे राहते.

ऑसुबेल यांची आणखी एक अट सहसा विसरली जाते : अर्थ जोडून घेण्याची इच्छा मुलाला असावी लागते. परीक्षेत शब्दशः उत्तरालाच गुण मिळत असतील, तर पाठ करणारे मूल व्यवहारीच म्हणायचे. तेव्हा पुढच्या चाचणीतून व्याख्येचा एक प्रश्न काढा, ‘०.३ आणि ०.४ यांच्यामधली एखादी संख्या सांगा’ हा प्रश्न घाला, आणि उत्तरापेक्षा त्यामागच्या कारणाला अधिक गुण ठेवा.